शेजाऱ्याकडून मिळालेली ढाल

जिवाणू औषधाला दाद देईनासे कसे होतात, हे वर्गात सांगताना आपण बहुधा उत्परिवर्तनाचा दाखला देतो. कोट्यवधी जिवाणूंपैकी एखाद्यात योगायोगाने बदल होतो. औषधाने बाकीचे मरतात, तो तेवढा उरतो आणि वाढतो. हे खरेच आहे. पण पुरेसे नाही. जपानमधल्या एका साथीने ते दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात शिगेला जिवाणूमुळे होणारा आमांश फार पसरला होता. सल्फा औषधे काही वर्षांतच निकामी ठरली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आली. १९५५ च्या सुमारास मात्र या चारही औषधांना न जुमानणारा शिगेला सापडला, आणि पुढे असे रुग्ण वाढतच गेले.

थोडे गणित करून पाहू. एका औषधाविरुद्धचा बदल एक कोटी जिवाणूंत एकदा होतो असे धरू. मग चारही बदल एकाच जिवाणूत एकदम सापडायला एकावर अठ्ठावीस शून्ये इतके जिवाणू लागतील! बदल एकामागून एक झाले म्हणावे, तर ज्यांना एकच औषध दिले होते अशा रुग्णांतही हे जिवाणू सापडत होते.

धागा मिळाला तो शेजाऱ्याकडे. त्याच रुग्णांच्या आतड्यातले, एरवी निरुपद्रवी असणारे ई. कोलाय जिवाणूही त्याच चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ मध्ये ओचिआई, अकिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ई. कोलाय आणि साधे शिगेला एकत्र वाढवले. काही शिगेलांना चारही ढाली एकदम मिळाल्या. जिवाणू गाळून काढून नुसता द्रव दिला, तर काहीच घडेना. म्हणजे दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श हवा होता. मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा एक तुकडा, प्लाझ्मिड, चारही जनुके घेऊन या जिवाणूतून त्या जिवाणूत जात होता. त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सारे संशोधन इंग्रजीत मांडले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

आता विषाणूंमुळे झालेल्या सर्दीवर घेतलेल्या प्रतिजैविकाचा विचार करू. सर्दीवर त्याचा उपयोग शून्य. पण आतड्यातले साधे जिवाणू मरतात, ढालवाले उरतात. उद्या रोगजंतू आला, तर ढाल देणारा शेजारी आपण आधीच पोसून ठेवलेला असतो.