गाडी किती देते? : मोठ्या डिझेल गाड्यांच्या इंधनखर्चाच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘गाडी किती देते?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे एका आकड्यात देतात. साडेतीन, चार, साडेचार. ट्रकचालक देतो, एसटीच्या आगारातला मेकॅनिक देतो, आणि अलीकडे मोटारहोम घेऊन सहकुटुंब बाहेर पडणारी हौशी मंडळीही देतात. तो आकडा खोटा नसतो. पण त्यात गाडीचा वाटा किती, रस्त्याचा किती, ओझ्याचा, वेगाचा आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायाचा किती, हे त्यातून कळत नाही. ही वाटणी मराठीत नीट मांडावी, एवढ्याच इच्छेतून हे पुस्तक तयार झाले आहे. वाचकाला अभियांत्रिकीची पदवी नको. त्रैराशिक येत असेल आणि कधी गाडीत बसून घाट चढला असाल, तर या विषयात तुमचे स्वागत आहे.

सुरुवात नाशिकपासून करण्याचे कारण कसारा घाट. कसाऱ्यापेक्षा इगतपुरी सुमारे ३०० मीटर उंचावर आहे. रेल्वेला याच घाटात १:३७ चा चढ चढताना मागून बँकर एंजिने लावावी लागतात. आता १६ टनांची एक भरलेली गाडी घ्या. तिला ३०० मीटर वर उचलायला सुमारे ४७ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ऊर्जा असते साधारण ३६ मेगाज्यूल, पण चाकापर्यंत पोचते ती ढोबळमानाने त्यातली एक तृतीयांश. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे नुसत्या चढापायी जवळजवळ चार लिटर डिझेल गेले. टायर आणि वारा यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

मग उतरताना हे चार लिटर परत मिळतात का? फारच थोडे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, तर आजचे एंजिन इंधनाची फवारणी पूर्ण बंद करते आणि उतार गाडीला फुकट नेतो. तेवढीच काय ती परतफेड. उरलेली ऊर्जा ब्रेक लायनर तापवण्यात जाते; घाटाच्या पायथ्याशी येणारा तो करपट वास म्हणजे वर चढताना जाळलेले डिझेलच. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचते, ही समजूत मात्र दुप्पट घातक आहे. न्यूट्रलमध्ये एंजिनला स्वतःला फिरते ठेवायला इंधन लागतेच, आणि एंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. या घाटात ब्रेक निकामी होऊन जे अपघात होतात, त्यांचे स्मरण ठेवूनच उतारावरचे प्रकरण लिहिले आहे.

घाटामुळे आणखी एक गोष्ट उघड होते. लासलगाव-पिंपळगावचा कांदा मुंबईला भरल्या गाडीने उतरतो आणि गाडी अनेकदा हलकी होऊन वर येते. न्हावाशेव्याहून माल घेऊन नाशिकला येणाऱ्या गाडीचे नेमके उलटे असते : चढताना भरलेली, उतरताना रिकामी. गाडी तीच, चालक तितकाच कसलेला, रस्ताही तोच. तरी दोघांचा अ‍ॅव्हरेज एक येणार नाही. दुसऱ्या चालकाला मालक बोल लावतो तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो, आणि असा अन्याय टाळणे हेही या अभ्यासाचे काम आहे असे मी मानतो.

हिशेब ठेवण्याची जुनी शिस्त महाराष्ट्रात एसटीने घालून दिली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या आगारांच्या जाळ्यात ‘केपीटीएल’ हे माप रुळले : दहा लिटरला किती किलोमीटर. साडेचारऐवजी ४५ म्हणायचे, एवढाच वरवर दिसणारा फरक. पण ४५ चे ४६ झाले की तो डोळ्यांत भरतो. समजा, एखाद्या आगाराच्या गाड्या मिळून दिवसाला २०,००० किलोमीटर धावतात. केपीटीएल एकाने वाढला, तर त्या आगाराचे रोजचे जवळजवळ ९७ लिटर डिझेल वाचते. अवजड गाड्यांच्या शास्त्रात अशा लहान लहान सुधारणांनाच मोल आहे.

याच ठिकाणी नव्या अभ्यासकाने एका भ्रमापासून सावध राहावे. लिटरला ३ किलोमीटर देणारी गाडी ४ देऊ लागली, तर १०० किलोमीटरमागे ३३.३ लिटरऐवजी २५ लिटर लागतात; बचत ८ लिटरांहून जास्त. लिटरला १२ देणारी मोटार १३ देऊ लागली, तर तेवढ्याच अंतरात पाऊण लिटरही वाचत नाही. दोन्हीकडे वाढ ‘एका’चीच. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की अंतर-भागिले-इंधन हे माप लोकांना हमखास चकवते. म्हणून या पुस्तकात बहुतेक कोष्टके १०० किलोमीटरमागे लागणाऱ्या लिटरांत आहेत. सवय व्हायला दोन पाने लागतील, पण ती जरूर करून घ्यावी. डिझेलची खरी बचत मोठ्या गाड्यांत दडलेली आहे, हे त्याशिवाय दिसत नाही.

एंजिनाविषयी थोडक्यात. रुडॉल्फ डिझेल यांच्या एंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली तेव्हा त्याने इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या एंजिनांपुढे ती झेप होती. आज अवजड गाड्यांची चांगली एंजिने आपल्या सर्वोत्तम स्थितीत ४० टक्क्यांच्या पुढे जातात. या प्रगतीचा एक मोठा भाग नाशिककरांच्या ओळखीचा आहे. सातपूरच्या ज्या कारखान्याला जुनी माणसे अजून ‘मायको’ म्हणतात, त्या बॉशच्या कारखान्यात डिझेलची नोझले आणि इंजेक्टर तयार होत आले आहेत. बोटभर लांबीचा तो भाग एकदा हातात घेऊन पाहावा. टोकाशी असलेली छिद्रे मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. कॉमन रेल पद्धतीत त्यांतून १६०० ते २००० बार दाबाने डिझेल बाहेर पडते आणि त्याचे धुके होते. नोझल झिजून गळू लागले की धुक्याऐवजी थेंब पडतात, थेंब पुरता जळत नाही, आणि मागून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले, पण न जळलेले इंधन.

आता मोटारहोम. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या गाड्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. अमेरिकेत बसच्या आकाराची, मागे डिझेल एंजिन असलेली मोटारहोम लिटरला साधारण ३ ते ४ किलोमीटर देतात. आपल्या भरलेल्या ट्रकच्या जवळपासच. त्यात नवल नाही, कारण वाऱ्याला दोघेही चौकोनी भिंतच दाखवतात. अडीच मीटर रुंद, तीन मीटर उंच, १६ टनांच्या खोक्याचा हिशेब मांडला तर ताशी ६० ला टायरांचा रोध वाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. ७५ च्या आसपास वारा टायरांना गाठतो. आणि सपाट रस्त्यावर ८० चे १०० केले की दर किलोमीटरचे डिझेल सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. मोकळा महामार्ग मिळाला की हात शिवशिवतात, पण हा आकडा लक्षात ठेवावा.

मोटारहोमवाल्यांची खरी काळजी मात्र वेगळीच असते : पाण्याची टाकी भरून न्यावी की रिकामी? ३०० लिटर पाणी मुंबईहून नाशिकला आणायचे, तर घाटाचा चढ धरूनही त्यापायी जेमतेम अर्धा लिटर डिझेल लागते. पाणी खुशाल न्यावे. खर्च होतो तो मुक्कामी. गंगापूर धरणाच्या काठी गाडी लावली आणि रात्रभर छतावरचा एसी जनरेटरवर चालवला, तर आठ तासांत पाच लिटरच्या आसपास डिझेल सहज जाते. जनरेटर नाही म्हणून मुख्य एंजिनच सुरू ठेवले, तर तासाला दीड-दोन लिटर, म्हणजे सकाळपर्यंत १२ ते १६. गाडी जागची हललेली नसते, आणि घरी परतल्यावर दोष मात्र तिच्या अ‍ॅव्हरेजला. म्हणून चालतीचे डिझेल आणि उभ्याचे डिझेल या दोन नोंदी वेगळ्या वहीत ठेवाव्यात, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

मोजण्याची रीत साधी आहे, पण तिच्यात हयगय चालत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरावी. पंपाचे नोझल आपोआप बंद झाले की थांबू नये. डिझेलला फेस येतो, तो बसू द्यावा आणि मग राहिलेले भरावे. पुढच्या वेळी शक्यतो तोच पंप, तीच जागा, गाडीचे तोंड त्याच दिशेला, कारण जमिनीच्या किंचित उताराने मोठ्या टाकीत काही लिटरांचा फरक पडतो. टायरची हवा थंड असताना मोजावी. एका फेरीचा आकडा कुणाला सांगू नये. सरकारी चाचण्यांनाही मर्यादा आहेत : १२ टनांपुढच्या गाड्यांसाठी २०१७ साली अधिसूचित झालेल्या इंधनमानकांत ट्रकची चाचणी ४० आणि ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाला होते. गाड्यांची आपसांत तुलना करायला ती उपयोगी आहे. पण स्थिर वेगाच्या चाचणीत कसारा घाट येत नाही.

तो घाट आता दोन वाटांनी चढता येतो, आणि अभ्यासकाला यासारखी संधी नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. वर चढायची उंची काही कमी झालेली नाही, त्यामुळे त्या चार लिटरांतून सुटका नाही. वाचू शकते ते वळणांवर गिअर उतरवण्यात, पुढच्या गाडीमागे रखडण्यात आणि ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात जाणारे डिझेल. ते किती, हे एकच गाडी, एकच चालक आणि तेवढेच ओझे घेऊन दोन्ही वाटांनी पाळीपाळीने फेऱ्या केल्या तर कळेल. टोलचा खर्च त्यातून भागतो का, हेही मग मांडता येईल. नोंदींचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी कोरा ठेवला आहे. ज्यांची गाडी या वाटेने नेहमी जाते, त्यांनी तो भरायला घ्यावा.