तळघरातला इंजिनिअर

'मोअर दॅन अ फीलिंग' हे गाणं ऐकलंय का? बॉस्टन नावाच्या बँडचं, १९७६ सालचं. त्यातली गिटार इतकी भरीव आणि गुळगुळीत आहे की हे एखाद्या मोठ्या स्टुडिओचं काम वाटावं. पण तो आवाज घडवला एका नोकरदार इंजिनिअरने, तेही तळघरात!

टॉम शोल्झ हा एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, मास्टर्ससकट. दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी, रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाऊनला तळघरात रेकॉर्डिंग. डेमो ऐकून एपिक रेकॉर्ड्सने करार केला, पण सगळं प्रोफेशनल स्टुडिओत पुन्हा करा म्हणाले. साहेबांना ते नामंजूर. मग निर्माता जॉन बॉयलन बाकीच्या बँडला घेऊन लॉस एंजेलिसला गेला. कंपनीला वाटलं काम तिकडेच चाललंय, आणि शोल्झ इकडे तळघरात गिटारी रेकॉर्ड करत बसला. पुढे या अल्बमला एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं.

आता यातला फंडा बघा. व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर पूर्ण पिळला की त्याचा आवाज छान 'फाटतो'. पण तळघरात पूर्ण व्हॉल्यूम म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण. शोल्झने ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये रेझिस्टरचा डबा बसवला. बरीचशी वीज त्यात उष्णता होऊन जाते. ॲम्प जिवाच्या आकांताने ओरडतो, स्पीकरमधून मात्र बेताचाच आवाज येतो. त्यावर इक्वलायझरने मधले स्वर उचलायचे, आणि तोच तुकडा पुन्हा वाजवून थरावर थर चढवायचे. झाला बॉस्टनचा आवाज.

१९८० मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि तो डबा 'पॉवर सोक' नावाने विकायला आणला. १९८२ मध्ये आला रॉकमन: वॉकमनसारखा कमरेला लावायचा, थेट हेडफोनवर ऐकायचा. कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन, स्पीकर-मायक्रोफोनची नक्कल करणारे फिल्टर, कोरस, एको, सगळं एकाच डबीत.

इथे मला खरी गंमत वाटते. सही ज्याची त्यालाच जमते, शिक्का कोणीही मारतो. शोल्झने चक्क आपल्या सहीचा शिक्का करून बाजारात मांडला! डेफ लेपर्डच्या 'हिस्टेरिया' (१९८७) मधल्या गिटारी रॉकमनमधूनच गेल्या. बघता बघता तो आवाज शोल्झचा न राहता ऐंशीच्या दशकाचा झाला.

मग हा धंदा आतबट्ट्याचा म्हणायचा का? मला नाही वाटत. तिसऱ्या अल्बमला उशीर झाला म्हणून एपिकची मालक सीबीएस कोर्टात गेली, तेव्हा त्याच्या हाताशी स्वतःचा कारखाना होता. १९८६ साली, दुसऱ्या अल्बमनंतर तब्बल आठ वर्षांनी, 'थर्ड स्टेज' आला. वाजवायला स्वतःचीच यंत्रं, आणि अल्बम थेट पहिल्या नंबरावर. १९९५ मध्ये त्याने रॉकमनचा धंदा डनलॉपला विकून टाकला.

डबी हजारोंना मिळाली, पण एकच तुकडा मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायची चिकाटी काही डबीत बसत नाही. असो. या वीकांताला हेडफोन लावून 'हिस्टेरिया' आणि 'थर्ड स्टेज' पाठोपाठ ऐका. डबी तीच आहे; माणूस वेगळा कुठे कळतो, ते मला जरूर सांगा.