साउथवर्कची ‘जॉर्ज’ सराय

इंग्रजीच्या पाठात ‘इन’ हा शब्द आला, की वर्गातील एखादा तरी विद्यार्थी विचारतो, “सर, इन म्हणजे हॉटेल ना?” प्रारंभी मी ‘हो’ म्हणून पुढे जात असे. पण तो अर्थ पुरेसा नाही, हे पुढे माझे मलाच जाणवू लागले. ‘इन’ म्हणजे मुसाफिरांच्या मुक्कामाची जागा. तिथे घोड्यांची पागा असे, खानावळ असे आणि मद्याचा गुत्ताही असे. ‘टॅव्हर्न’मध्ये खाणेपिणे मिळे, पण वाटसरूला रात्रीचा आसरा देण्याचे बंधन ‘इन’वाल्यावर होते. पाहुण्याचे सामान चोरीला गेले तर त्याची भरपाई मालकाने द्यावी, असा इंग्लंडच्या न्यायालयाचा निर्णय 1584 साली झालेला आहे.

आपल्या मुलांना शेरशहाच्या सराया पाठ्यपुस्तकातून माहीत असतात. 1540 ते 1545 या त्याच्या अल्प कारकिर्दीत रस्त्याच्या कडेने दर दोन कोसांवर सराय, आत विहीर व मशीद, हिंदू आणि मुसलमान उतारूंची निरनिराळी सोय, असे वर्णन अब्बास सरवानीने केले आहे. तो बादशाही खर्चाचा कारभार होता. इंग्लंडमधील इन हा मात्र निव्वळ धंदा. पैसे मोजावे तशी खोली आणि तसे जेवण. हा फरक ध्यानात ठेवून लंडनच्या एका इनची हकिगत पाहू.

थेम्स नदीच्या दक्षिण काठावर साउथवर्क नावाची वस्ती आहे. 1750 साली वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत लंडन शहरात शिरण्यास जुना लंडन ब्रिज हाच मुख्य मार्ग होता, आणि रात्री त्याचे दरवाजे बंद होत. ज्याला उशीर झाला त्याने अलीकडेच मुक्काम करावा. साहजिकच पुलाच्या तोंडाशी इनची रांगच लागली. 1598 साली जॉन स्टोने लंडनचे वर्णन लिहिले, त्यात येथील इनची नावे ओळीने दिली आहेत. ‘जॉर्ज’ त्यांपैकी एक. शेजारच्या ‘टॅबर्ड’मधून कवी चॉसरने आपले कँटरबरीचे यात्रेकरू निघालेले दाखविले आहेत.

1676 च्या आगीत हा सारा भाग जळाला. पुढच्याच वर्षी ‘जॉर्ज’ पुन्हा उभी राहिली. आज दिसते ती ही 1677 ची इमारत. शेक्सपिअर येथे बसत असे, असे कोणी हौसेने सांगतात. शेक्सपिअर 1616 साली वारला. विद्यार्थ्यांनो, सन पाठ करण्याचा तुम्हाला कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. पण दोन सन शेजारी मांडले, की अशी दंतकथा आपोआप गळून पडते.

इमारतीची रचना कामाला धरून होती. मध्ये फरसबंद चौक, तिन्ही बाजूंनी खोल्या आणि त्यांच्यापुढे लाकडी कठड्यांचे सज्जे. गाडी थेट चौकात शिरे. मोतद्दार धावत येऊन दमलेले घोडे सोडीत आणि ताजे जुंपीत. दहा-पंधरा मैलांचा एकेक टप्पा. या टप्प्यांवरूनच गाडीला ‘स्टेजकोच’ हे नाव पडले. आत बसणाऱ्याला पुरे भाडे, छतावर बसणाऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण त्या स्वस्ताईची किंमत कधी कधी भयंकर पडे. 1812 च्या मार्च महिन्यात बाथची गाडी चिपनहॅमला पोहोचली, तेव्हा छतावरील दोन उतारू गारठून मेलेले आढळले.

गाड्यांना खरा वेग आणला तो टपालाने. बाथचा जॉन पामर हा नाटकगृहाचा मालक. पत्रे इतकी रखडतात याचा त्याला राग होता. त्याच्या सूचनेवरून 2 ऑगस्ट 1784 रोजी दुपारी चार वाजता ब्रिस्टलहून पहिली टपालगाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास लंडनला आली. पूर्वी याच टपालाला अडतीस तास लागत. गाडीवर बंदूकधारी रक्षक असे. त्याने कर्णा फुंकला की टोलनाक्याचे फाटक उघडे, कारण टपालाला टोल माफ होता.

वेळेला महत्त्व आले तशी इनमध्ये मोठी घड्याळे दिसू लागली. ‘जॉर्ज’मध्येही असे एक आहे. 1797 मध्ये सरकारने घड्याळांवर कर बसविला, लोकांनी घरची घड्याळे काढली, म्हणून इनवाल्यांनी सर्वांसाठी मोठी लावली, अशी कथा प्रसिद्ध आहे. कर बसला हे खरे, आणि वर्षभरात तो उठला हेही खरे. पण अशी घड्याळे त्याआधीपासूनच होती.

याच रस्त्यावर, थोडे पुढे, कर्जदारांचा मार्शलसी तुरुंग होता. 1824 साली चार्ल्स डिकन्सचे वडील कर्जापायी तेथे कैदेत होते, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. पुढे त्याने ‘लिट्ल डॉरिट’ या कादंबरीत ‘जॉर्ज’चा उल्लेख केला. त्या मुलाने या चौकातल्या गाड्या कोणत्या नजरेने पाहिल्या असतील, हा विचार मला नेहमी चटका लावून जातो.

1836 मध्ये लंडन ब्रिजचे रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर सुरू झाले आणि गाड्यांचा धंदा बसत गेला. मोतद्दार, गाडीवान, नालबंद, सर्वांच्याच रोजीवर गदा आली. ‘जॉर्ज’ 1874 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीच्या हाती गेली. कंपनीला मालासाठी जागा हवी होती. 1889 साली तिने चौकाच्या दोन बाजू पाडल्या. फक्त दक्षिणेकडील बाजू राहिली. ‘टॅबर्ड’ची इमारत 1870 नंतरच्या दशकातच गेली होती. ‘व्हाइट हार्ट’ही 1889 मध्येच पडली.

उरलेली बाजू वाचली ती मात्र रेल्वेच्याच हातून. 1937 मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. सज्जांची अशी इन आता लंडनमध्ये एवढी एकच आहे. गुत्ता तेथे अजून चालतो, चौकात गाड्यांच्या जागी बाके मांडलेली असतात, आणि सज्जे जेमतेम एका बाजूचे आहेत.