गुरांच्या डॉक्टरांची न संपणारी शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो तो घोडेगावातून. घोड नदीच्या काठच्या या गावाच्या पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याचे डोंगर आहेत, भाताची खाचरं आहेत आणि पावसाळ्याचे चार महिने चिखलात वावरणारी गावठी गुरं आहेत. पूर्वेला मंचरच्या बाजूला कालव्याचं पाणी, ऊस आणि दावणीला बांधलेल्या संकरित गाई. डोंगरातल्या गाईचे आजार वेगळे, बागायतातल्या गाईचे वेगळे. घोडेगावसारख्या ठिकाणी नेमणूक झालेल्या गुरांच्या डॉक्टरला मात्र दोन्हीकडे जावं लागतं. शिवाय जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे, तो निराळाच.

मग प्रश्न असा, की या डॉक्टरनं कॉलेजात जे शिक्षण घेतलं, ते त्याला किती वर्षं पुरतं? आणि त्याच्या हाताखाली जो माणूस जनावराला धरतो, जखम धुतो, इंजेक्शन भरून देतो, त्याला कोण शिकवतं? गेल्या दीडशे वर्षांचा आपल्याकडचा पशुवैद्यकाचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

आपल्याकडे सरकारी पशुवैद्यक सुरू झालं ते गाईसाठी नाही, घोड्यासाठी. त्याआधी घोड्यांची चिकित्सा करणारे सालोत्री होते, आणि गावोगाव जडीबुटी देणारे, डागणी देणारे जाणकार होते. इंग्रजांच्या फौजेला घोडे, खेचरं लागत. म्हणून 1862 साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. मुंबईला परळमध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याच्याशी जोडून 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथून शिकून बाहेर पडलेले पदविकाधारक हळूहळू जिल्ह्यांच्या दवाखान्यांत येऊ लागले.

गाय-बैल सरकारच्या नजरेत भरले ते एका रोगामुळे. तो रोग म्हणजे बुळकांडी. जनावराला ताप यायचा, तोंडात फोड यायचे, घाण वासाची हगवण लागायची आणि आठवडा-दीड आठवड्यात जनावर जायचं. साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. पेरणीच्या तोंडाला बैल गेला, की त्या घराचं वर्षच गेलं. गुरांच्या साथींची चौकशी करायला सरकारनं आयोग नेमला, त्याचा अहवाल 1871 साली आला. पुढे 1889 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात एक प्रयोगशाळा उघडली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. साथीच्या रोगांवरचे प्रयोग वस्तीपासून लांब व्हावेत म्हणून 1893 साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. तिचं जन्मस्थान पुणं आहे, हे पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसतं.

बुळकांडीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपला विषय नेमका दिसतो. सुरुवातीला मुक्तेश्वरहून सीरम येई. त्यानं मिळणारं संरक्षण थोड्या दिवसांपुरतं. तेव्हा साथ नेमकी कुठवर आली आहे ते ओळखून पुढच्या गावात टोचणी करायची, हे पशुवैद्यांना शिकावं लागलं. मग 1920 च्या दशकाच्या अखेरीस मुक्तेश्वरलाच डॉ. एडवर्ड्‌स यांच्या कामातून शेळीत वाढवलेल्या विषाणूची लस आली. संरक्षण दीर्घ काळचं, पण लस जिवंत विषाणूची. ती थंड ठेवायची आणि विरघळवली की वेळेत संपवायची. विदेशी रक्ताच्या जनावरांना ती कधी कधी बाधायची. म्हणजे पुन्हा नवा धडा. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेली पेशीसंवर्धनावरची लस आली, तिनं हा दोष घालवला. आणि शेवटचा धडा सगळ्यांत अवघड होता. आयुष्यभर टोचणी केलेल्या लोकांना सांगण्यात आलं, की आता टोचणी बंद करा. नुसती पाहणी करा, गावोगाव विचारा, संशयित जनावराचे नमुने पाठवा. कारण टोचणी चालू असेल, तर रोग खरोखर गेला की नाही ते कळत नाही. भारतात 1954 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, शेवटची लागण 1995 साली सापडली, 2006 साली देश रोगमुक्त ठरला आणि 2011 साली जगातून बुळकांडी गेल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर जगातून समूळ गेलेला हा दुसरा रोग.

या यशात शास्त्रज्ञांचा वाटा आहेच. पण गोठ्यापर्यंत लस पोचवणारे हात गावातल्या दवाखान्यांतले होते. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरचे पुष्कळ दवाखाने त्यांच्याकडे गेले. तिथे डॉक्टर, त्याच्या जोडीला पशुधन पर्यवेक्षक, ज्याला जुनी माणसं स्टॉकमन म्हणत, शिवाय व्रणोपचारक आणि परिचर अशी रचना होती. ‘व्रणोपचारक’ हा शब्द मोठा नेमका आहे. व्रणावर, म्हणजे जखमेवर उपचार करणारा. इंग्लंडात ज्याला पशुवैद्यक परिचारिका म्हणतात, नोंदणी देतात, गणवेश देतात, तिचं पुष्कळसं काम आपल्याकडे हा माणूस करत आला. खोड्यात जनावर घालणं, जखमेतल्या अळ्या काढणं, भांडी उकळणं, सुई-सिरींज तयार ठेवणं. डॉक्टर फिरतीवर असला, की दारात आलेल्या शेतकऱ्याला पहिल्यांदा भेटतो तो हाच. त्याचं बहुतेक शिक्षण मात्र आधीच्या व्रणोपचारकाकडे बघून झालेलं असतं.

दुसरं मोठं वळण आलं ते संकरित गाईमुळे. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी 1967 साली ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली. होल्स्टीन, जर्सी वळूंचं रेत वापरून गावठी गाईंपासून दुधाळ कालवडी तयार करायच्या आणि ही सेवा शेतकऱ्याच्या दारात न्यायची, असं ते काम. गोठीत रेत आलं, तसं द्रवरूप नायट्रोजनचे कंटेनर आले. त्यात रेतकांड्या उणे 196 अंशांवर राहतात. कांडी बाहेर काढली, की ठरावीक कोमट पाण्यात ठरावीक सेकंदच धरायची. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची. यातलं एक पाऊल चुकलं, तरी गाय उलटते आणि शेतकऱ्याचे तीन आठवडे फुकट जातात. हे काम शिकवून तयार केलेले गावचे तरुण मोटारसायकलवर कंटेनर बांधून फिरू लागले.

संकरित गाईबरोबर तिचे आजारही आले. गावठी गाय ज्या गोचीड तापाला दाद देत नाही, त्या थायलेरिओसिसनं संकरित वासरू दोन-चार दिवसांत कोसळतं. जास्त दुधाची गाय व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून आडवी होते. कासदाह तर रोजचा. जुन्या अभ्यासक्रमात बैलाला, खांदेसुजीला, फऱ्या-घटसर्पाला जितकी जागा होती, तितकी या आजारांना नव्हती. पूर्व आंबेगावातल्या, जुन्नरच्या बागायती पट्ट्यातल्या डॉक्टरांना हे सारं नोकरीत आल्यावर शिकावं लागलं.

कधी कधी शिकलेलं विसरावंही लागतं. डायक्लोफिनॅकचं उदाहरण घ्या. ताप, सूज, लंगडणं, कशावरही हे स्वस्त आणि गुणकारी औषध दिलं जाई. पण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. 2006 साली भारतानं जनावरांसाठी ते बंद केलं आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात पोचतच राहिलं. म्हणून 2015 साली बाटलीचं माप 3 मिलीवर आणावं लागलं. 2023 साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. कायदा दिल्लीत बदलतो. गोठ्यातला हात बदलायला त्या हाताच्या माणसाला कुणीतरी कारण समजावून सांगावं लागतं.

आता बिबट्याकडे येऊ. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. 2001 पासून इथे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते 29 बिबटे हलवल्यानंतर 17 वर गेले. त्या धामधुमीत गुरांच्या डॉक्टरला बोलावणं येई, बिबट्याला भूल देण्यासाठी! झायलाझिन हे भुलीचं औषध गुरांच्या दवाखान्यातलंच. पण गाईगुरं त्याला इतकी हळवी, की घोड्याच्या मात्रेच्या साधारण दहावा हिस्सा त्यांना पुरतो. बिबट्याला त्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं आणि सोबत केटामिन लागतं. गाईचा अंदाज बिबट्याला लावला, तर अर्धवट गुंगीतलं जनावर माणसांवर येऊ शकतं. जास्त झालं, तर श्वास बंद पडतो. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या निवारण केंद्रातून आणि अभ्यासकांच्या पुस्तिकांतून हे ज्ञान पुढे जमत गेलं. सुरुवातीला मात्र ते ज्याचं त्यानं मिळवलं.

अगदी अलीकडचं सांगायचं, तर 2022 साली महाराष्ट्रात लम्पीची साथ आली. हा आजार मुख्यतः माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. पण एकाच सुईनं सगळा गोठा टोचला, तर टोचणी करणाराच रोग पोचवू शकतो. प्रत्येक जनावराला नवी सुई, हा साधा नियम. तो पाळायचा असतो डॉक्टरच्या आधी मदतनिसानं. तीच गोष्ट ब्रुसेलाची. 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस देतात. ती जिवंत जंतूंची असते. स्वतःच्या बोटाला सुई लागली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर टोचणाऱ्यालाच वारंवार येणारा ताप आणि सांधेदुखी जडू शकते. हातमोजे आणि चष्मा कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल, तर दंड त्याच्या शरीराला पडतो.

कायदा काय म्हणतो? 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा नोंदणी सांगतो, शिक्षणाचा किमान दर्जा सांगतो. नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली पर्यवेक्षक आणि स्टॉकमन यांना टोचणी, खच्चीकरण, जखम बांधणं असे किरकोळ उपचार करू देण्याची मुभा राज्याला देतो. मात्र पदवीनंतर वर्षाला किती तास शिकलं पाहिजे, असा आकडा त्या कायद्यात नाही. इंग्लंडात पशुवैद्याला वर्षाला 35 तास आणि परिचारिकेला 15 तास नवं शिक्षण घेतल्याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे माणसांच्या डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे पाच वर्षांत 30 गुण मिळवावे लागतात. केंद्राच्या योजनेतून पशुवैद्यांसाठीही उजळणी वर्ग झाले. नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आणि त्याचं पुण्याला जवळचं शिरवळचं महाविद्यालय आहे. पण घोडेगावचा डॉक्टर पुणं ओलांडून शिरवळला चार दिवस गेला, तर त्या चार दिवसांत दवाखाना कुणाच्या भरवशावर? ज्याला वर्गाला बोलावलेलं नाही, त्याच्याच.

यावर उपाय फार खर्चाचा नाही, आणि त्याचा धडा आकाशवाणीच्या इतिहासात आहे. 1956 साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. नुसतं ऐकण्यापेक्षा अशा चर्चेतून माणसं जास्त शिकतात, असं त्याच्या पाहणीत आढळलं. तीच रीत तालुक्याच्या दवाखान्यांना लावता येईल. महिन्याच्या बैठकीत टोचणीचे आकडे गोळा होतात, तिथेच तासभर त्या महिन्यातल्या दोन जनावरांची चर्चा व्हावी. एक दगावलेलं, एक वाचलेलं. डोंगरातल्या डॉक्टरनं बागायतातल्या डॉक्टरला सांगावं, आणि उलट. त्या खोलीत पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचरही बसावेत, त्यांनाही बोलायला लावावं, आणि या तासाची नोंद सेवापुस्तकात व्हावी. आहुप्याच्या शेतकऱ्याचा बैल आवणीच्या दिवसांत आजारी पडतो, तेव्हा भर पावसात त्याच्या गोठ्यात सगळ्यांत आधी पोचणारा माणूस बहुधा यांच्यापैकीच असतो.