तासांचे माप आणि गुरूची सनद

अमेरिकेतील माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात बसलेल्या मुलाला, "तुझे शिक्षण किती झाले?" असे विचारले, तर तो बहुधा एक आकडा सांगतो. टेक्सस राज्यात शाळा पुरी करण्यासाठी किमान २२ श्रेयांक मिळवावे लागतात. इंग्रजीचे चार, गणिताचे तीन, विज्ञानाचे तीन, समाजशास्त्रांचे तीन, परभाषेचे दोन, कलेचा एक, व्यायामाचा एक आणि ऐच्छिक विषयांचे पाच. ही बेरीज जमली की इतर अटींसह पदविका हाती पडते. या मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाजवळही राज्याने दिलेले अध्यापनाचे प्रमाणपत्र असावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. विद्यार्थ्याची विद्या अशी तासांनी मोजावी आणि शिक्षकाची योग्यता कागदाने ठरवावी, हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की तो अनादी काळापासून चालत आला असावा असे वाटते. वस्तुतः त्याला जेमतेम दोन शतकांचा इतिहास आहे, आणि त्यातील श्रेयांकाचा उगम तर शाळेतसुद्धा नाही. तो प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनात आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. १७९१ साली संमत झालेल्या दहाव्या दुरुस्तीने, जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे अथवा जनतेकडे राहतील, असे ठरवले. त्यामुळे शाळांचा कारभार राज्यांकडे आला आणि राज्यांनी तो दीर्घकाळ गावांवरच सोपवला. गावची समिती शिक्षक नेमी, तीच त्याची परीक्षा घेई आणि तीच त्याला काढून टाकी. या परीक्षेत उमेदवाराचे चारित्र्य पाहिले जाई, चार शब्दांचे शुद्धलेखन विचारले जाई, त्रैराशिकाचे एखादे उदाहरण घातले जाई. समितीतील एखाद्या सभासदाचा भाचा किंवा जावई उमेदवार असला, तर परीक्षा आणखी सोपी होण्यास अडचण नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्याने १८३४ साली वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत शिक्षकाची परीक्षा घेतली जावी असा कायदा केला. हा पुढे सर्वत्र पसरलेल्या प्रमाणपत्रपद्धतीचा आरंभ म्हणता येईल.

परंतु परीक्षा घेतल्याने शिक्षक तयार होत नाही. ही गोष्ट ज्यांनी ओळखली त्यांत मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचे पहिले चिटणीस होरेस मॅन यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १८३७ साली त्यांनी हे पद स्वीकारले आणि दोनच वर्षांत, १८३९ च्या जुलैत, लेक्सिंग्टन येथे सरकारी खर्चाने चालणारे अमेरिकेतील पहिले अध्यापनविद्यालय उघडले. पहिल्या दिवशी तेथे अवघ्या तीन विद्यार्थिनी आल्या. त्या तीन मुलींपासून निघालेला प्रवाह पुढे इतका फोफावला की शतक संपण्यापूर्वी अशी विद्यालये देशभर पसरली, आणि तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी खेड्यापाड्यांतील शाळा चालवल्या. शिक्षकाची सनद गावच्या पंचांच्या मर्जीतून निघून राज्याच्या हाती जाण्याची वाट या संस्थांनी मोकळी केली.

शिक्षकाचा प्रश्न असा मार्गी लागत असताना विद्यार्थ्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलमाझू गावच्या प्रसिद्ध खटल्यात निकाल दिला की, लोकांच्या करातून माध्यमिक शाळा चालवण्यास कायद्याची आडकाठी नाही. या निकालाने सार्वजनिक माध्यमिक शाळांना बळ मिळाले. १८९० च्या सुमारास चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शंभरांतली सहा-सातच माध्यमिक शाळेत होती. चाळीस वर्षांनी हे प्रमाण निम्म्यावर गेले. शाळा वाढल्या, पण शाळा म्हणजे काय याविषयी एकमत नव्हते. कोठे अभ्यासक्रम दोन वर्षांचा, कोठे चार वर्षांचा. एका ठिकाणी लॅटिनवर भर, दुसऱ्या ठिकाणी हिशेबनिशीवर. महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या अटीही तितक्याच विविध होत्या. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी राष्ट्रीय शिक्षणसंघाने १८९२ साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली. कोणता विषय किती वर्षे आणि आठवड्यात किती तासिका शिकवावा, याचा विचार त्या समितीने केला. तासिकांच्या भाषेत बोलण्याची सवय येथपासून लागली.

तरीही ही भाषा सक्तीची होण्यास पैशाचे बळ लागले. पोलादाच्या धंद्यात अमाप संपत्ती मिळवलेले अँड्र्यू कार्नेगी हे कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांचे तुटपुंजे वेतन त्यांच्या नजरेस आले आणि १९०५ साली त्यांनी एक कोट डॉलरची देणगी देऊन निवृत्त प्राध्यापकांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्याची सूत्रे हेन्री प्रिचेट यांच्याकडे आली. आता पेच असा की निवृत्तिवेतन 'महाविद्यालया'तील प्राध्यापकांना द्यायचे, पण महाविद्यालय कोणाला म्हणावे? नावाने महाविद्यालय आणि प्रत्यक्षात शाळेहून फारशी वरचढ नाही, अशा संस्था त्या काळी पुष्कळ होत्या. प्रतिष्ठानाने अटी घातल्या: किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक असावेत, पुरेसा कायम निधी असावा, कोणत्याही पंथाचे नियंत्रण नसावे, आणि प्रवेशासाठी चार वर्षांचे माध्यमिक शिक्षण आवश्यक असावे. ही चार वर्षे मोजण्यासाठी 'एकक' ठरवण्यात आले. एका विषयाचा साठ मिनिटांचा १२० तासांचा वर्षभराचा अभ्यास म्हणजे एक एकक, आणि अशी चौदा एकके म्हणजे माध्यमिक शिक्षण.

निवृत्तिवेतनाचे आकर्षण मोठे होते. काही महाविद्यालयांनी तर त्यासाठी आपले पंथीय संबंधही तोडले. प्रवेशाचे नियम बदलणे त्यामानाने सोपे होते. महाविद्यालयांनी एकके मागितली म्हणून शाळांनी ती द्यावयास आरंभ केला आणि राज्यांनी आपल्या नियमांत ती लिहून घेतली. गंमत अशी की, ज्या योजनेसाठी हा खटाटोप झाला ती विनाअंशदान निवृत्तिवेतनाची योजना खर्च पेलेना म्हणून फार काळ टिकली नाही. १९१८ साली तिच्या जागी प्राध्यापक व संस्था या दोघांच्या वर्गणीवर चालणारी विमासंस्था उभी करावी लागली. निवृत्तिवेतन गेले, त्याच्या हिशेबासाठी तयार केलेले माप मात्र राहिले. आज अमेरिकेतील शाळांत 'क्रेडिट' म्हणून जे ओळखले जाते ते बव्हंशी हेच कार्नेगी एकक होय.

या मापाने अनिष्टच घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. दूरच्या खेड्यातील शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची पदविका आणि बॉस्टनमधील मुलाची पदविका निदान कागदावर तरी एका भाषेत बोलू लागली. कोणाच्या ओळखीची वा शिफारसपत्राची गरज उरली नाही. समान माप हे दुबळ्याचे संरक्षण असते, हा त्यातील खरा गुण होय.

शिक्षकांच्या सनदेच्या बाबतीत तर या गुणाची कसोटी न्यायालयातच लागली. व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक शहरात कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांहून कमी वेतन मिळे. ॲलाइन ब्लॅक या शिक्षिकेने १९३९ साली याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा तिच्या नोकरीच्या कराराचे नूतनीकरणच करण्यात आले नाही. मग मेल्व्हिन ऑल्स्टन हे तिचे सहकारी पुढे आले. त्यांच्याजवळ राज्याच्या शिक्षणमंडळाचे सर्वांत वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र होते. त्यांना वर्षाला ९२१ डॉलर मिळत. त्याच पात्रतेच्या गोऱ्या पुरुष शिक्षकाला १२०० डॉलर. प्रमाणपत्र एकच, काम एकच, मग वेतन दोन का, या प्रश्नाला शहराच्या शिक्षणमंडळाजवळ उत्तर नव्हते. १९४० साली अपील न्यायालयाने वर्णावर आधारलेला हा वेतनभेद घटनाबाह्य ठरवला. राज्याने दिलेला कागद त्या दिवशी न्यायाचे साधन ठरला.

पण साधनाला स्वतःचा विवेक नसतो. वेतनभेद वर्णावरून करता येत नाही असे ठरल्यावर दक्षिणेकडील राज्यांनी नवे माप शोधले. १९४० सालीच राष्ट्रीय पातळीवर शिक्षकांची एक परीक्षा सुरू झाली होती. दक्षिण कॅरोलायना राज्याने १९४५ साली शिक्षकाचे प्रमाणपत्र व वेतनश्रेणी त्या परीक्षेतील गुणांशी जोडून टाकली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत कोंडून ठेवले होते त्यांनाच आता उत्कृष्ट गुण दाखवा असे सांगण्यात आले. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता, पण परिणामात तो जुनाच होता. पुढे केंद्र शासनाने या पद्धतीविरुद्ध खटला भरला. तथापि १९७७ साली न्यायालयाने परीक्षा वैध ठरवली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एकाच प्रमाणपत्राने एका राज्यात दार उघडले आणि दुसऱ्या राज्यात अर्गळा घातली.

तासांच्या मापाविषयीही शंका उत्पन्न झाल्याच. १९३३ पासून सुमारे तीस शाळांनी एक धाडसी प्रयोग केला. आठ वर्षे चाललेल्या या अभ्यासासाठी जवळजवळ तीनशे महाविद्यालयांनी प्रवेशाच्या नेहमीच्या अटी बाजूला ठेवल्या. या शाळांना आपला अभ्यासक्रम स्वतः रचण्याची मोकळीक मिळाली. त्यांतील १४७५ विद्यार्थ्यांची तुलना जुन्या रीतीने शिकलेल्या तितक्याच विद्यार्थ्यांशी जोडीजोडीने करण्यात आली. १९४२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एककांच्या चौकटीबाहेर शिकलेली मुले महाविद्यालयात मागे पडली नाहीत, किंचित सरसच ठरली. परंतु देश तेव्हा महायुद्धात गुंतला होता. त्या निष्कर्षांकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नव्हती, आणि तास मोजणे पूर्ववत चालू राहिले.

१९८३ साली, राष्ट्र धोक्यात आहे असा इशारा देणारा एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर उपाय म्हणून इंग्रजी चार वर्षे, गणित, विज्ञान व समाजशास्त्रे प्रत्येकी तीन वर्षे आणि संगणकविद्या अर्धे वर्ष, असा किमान अभ्यासक्रम त्याने सुचवला. अनेक राज्यांनी आपल्या श्रेयांकांची संख्या वाढवली. त्याच सुमारास शिक्षकांच्या दारावरील गर्दी मात्र कमी पडू लागली होती; म्हणून न्यू जर्सीने १९८४ साली अध्यापनविद्यालयात न शिकलेल्या पदवीधरांसाठी वेगळी वाट काढली, आणि इतर राज्ये तिच्यामागून गेली. एका हाताने विद्यार्थ्यासाठी उंबरठा उंच करायचा आणि दुसऱ्या हाताने शिक्षकासाठी तो सखल करायचा, असा हा विसंगत कारभार होता. न्यू हॅम्पशायरने २००५ साली उलट दिशेने पाऊल टाकले: बसून काढलेल्या तासांऐवजी साधलेल्या क्षमतेवर श्रेयांक द्यावेत असे ठरवले. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ साली पदविकेसाठी असलेली राज्यपरीक्षेची अट काढून टाकली. ज्या प्रतिष्ठानाने एकक जन्मास घातले, त्याच्या चालकांनीही अलीकडे त्याला पर्याय शोधण्याचे काम हाती घेतले आहे.

हा इतिहास मराठी श्रोत्याला परका वाटू नये. आपल्याकडे माप तासांचे नव्हते, परीक्षेचे होते. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तिच्यातून पार पडले. तेव्हापासून 'मॅट्रिक पास' आणि 'मॅट्रिक नापास' हे दोन शब्द घराघरांत माणसाची किंमत सांगत आले. आता तासांचे मापही आपल्या दारी आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानंतर, २०२३ साली जाहीर झालेल्या श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० अध्ययनतास आणि त्यांचे ४० श्रेयांक, म्हणजे तीस तासांस एक, असा हिशेब आहे. शिक्षकांच्या सनदेचा प्रश्नही तितकाच ताजा आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्र व तमिळनाडूतून गेलेल्या अपिलांवर निकाल देताना, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रतापरीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे फळ्यासमोर काढली त्यांना पुन्हा परीक्षार्थी होण्याचा हा प्रसंग आहे. मुलांना पात्र शिक्षक मिळावा हा त्यामागचा हेतू कोणीही नाकारणार नाही. आणि त्या शिक्षकांच्या मनातील धास्तीही खोटी नाही.

मापाशिवाय मोठा समाज चालत नाही. मापे नसतील तर समितीतल्या सभासदाचा भाचा पुन्हा शिक्षक होईल आणि शिफारसपत्रे पुन्हा चालू लागतील. पण धान्य मोजणाऱ्या पायलीला धान्याचा कस कळत नाही. मुलाने वर्गात किती तास काढले हे नोंदवही सांगते. त्या तासांत त्याच्या मनात काय उजाडले, हे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकालाच ठाऊक असते. म्हणून कोणताही नवा नियम पुढे आला की, हे माप कोणी, कोणत्या कामासाठी तयार केले आणि आता ते कोणाच्या दारावर लावले जात आहे, एवढे विचारणे समाजाचे कर्तव्य ठरते. नॉरफोकच्या दोन शिक्षकांनी हा प्रश्न विचारला होता. त्यातील एकीला त्यासाठी नोकरी गमवावी लागली, परंतु त्यांच्यामागून येणाऱ्या शिक्षकांना वर्णाकडे न पाहता वेतन मागण्याचा हक्क मिळाला.