विमान लहान असले म्हणून काय झाले?

सोनपेठच्या रहिवाशाला विमान पकडायचे तर आधी जिल्हा ओलांडावा लागतो. परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. सर्वांत जवळचा पर्याय सुमारे शंभर किलोमीटरवरील नांदेडचा. तेथे सोयीची वेळ मिळाली नाही तर छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट हैदराबाद. एवढी यातायात करून विमानात बसणाऱ्याला त्यातील आवडनिवड सुचणे अवघडच. विमान म्हणजे विमान, वेळेवर पोहोचले म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दोन विमानांमधील प्रवासात लाल डबा आणि निमआराम बस यांच्याइतका फरक असू शकतो, आणि तो फरक विमानाच्या आकारावर क्वचितच अवलंबून असतो.

नांदेडचेच उदाहरण घ्यावे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतील पहिल्या उड्डाणांमध्ये २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या नांदेड-हैदराबाद सेवेचा समावेश होता. ट्रूजेट कंपनीचे ते विमान होते एटीआर ७२. सत्तरेक आसनांचे, दोन पंख्यांचे, ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाणारे. जेट विमानांची सवय झालेले महानगरी प्रवासी पंखे पाहून नाक मुरडतात. परंतु खिडकीशी बसून खाली पाहण्याची हौस असणाऱ्याला एटीआरसारखे विमान नाही. त्याचे पंख प्रवाशांच्या डोक्याच्या पातळीवर, म्हणजे खिडक्यांच्या वर असतात. त्यामुळे जवळपास प्रत्येक रांगेतून जमीन मोकळी दिसते. जेट विमाने ३५ हजार फुटांच्या आसपास उडतात, तर एटीआरची कमाल मर्यादा २५ हजार फूट आहे आणि लहान पल्ल्यावर ते त्याहूनही खालून जाते. निरभ्र दिवशी काळ्या रानांचे तुकडे, गोदावरीची वळणे, नांदेडजवळ विष्णुपुरीचा जलाशय हे सारे नकाशासारखे उलगडत जाते. आसने दोन-दोनची, त्यामुळे मधल्या आसनात अवघडून बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चढायचे मागच्या दाराने, चार पायऱ्यांच्या शिडीवरून.

उणिवाही आहेत. पंख्यांच्या रेषेतील पुढच्या रांगांमध्ये घरघर आणि कंप अधिक जाणवतो, म्हणून मागील रांग बरी. सामानाचे वरचे कप्पे लहान असतात. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर उठू लागले, की कमी उंचीवरील हलके विमान बैलगाडीसारखे हिंदकळते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातून उडायचे असेल तर सकाळची वेळ निवडलेली उत्तम.

ट्रूजेटची उड्डाणे २०२२ च्या प्रारंभी थांबली. त्यापूर्वी नांदेडला येऊन गेलेली किंगफिशर २०१२ मध्येच बंद पडली होती. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने नांदेडहून सेवा सुरू केली आणि सोबत आणले ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचे ई-१७५. जगभरातील नियमित प्रवासी या विमानाचे नाव आवर्जून घेतात आणि त्याला कारण आहे. जेटचा वेग आणि उंची असूनही येथे रांगेत आसने चारच, दोन-दोन. एकतर खिडकी, नाहीतर मधली वाट. आसनाची रुंदी साधारण १८ इंच, म्हणजे बोईंग ७३७ पेक्षा इंचभर अधिक. खिडक्या ऐसपैस आणि डोळ्यांच्या पातळीवर. स्टार एअरच्या या विमानात एकूण ७६ आसने आहेत. त्यामुळे चढण्या-उतरण्याचा खोळंबा थोडक्यात आटोपतो. मुंबई-दिल्ली मार्गावर एकशेऐंशी जणांच्या रांगेत उभे राहिलेल्यालाच याची खरी किंमत कळते.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना रोज भेटणारी विमाने मात्र दोनच घराण्यांतली : एअरबस ए-३२० आणि बोईंग ७३७. दोन्हींत आसने तीन-तीन. ए-३२० ची आतील रुंदी सुमारे ३.७० मीटर, ७३७ ची ३.५४ मीटर. हे सोळा सेंटिमीटर सहा जणांत वाटले जातात आणि खांद्याला खांदा घासणे काहीसे कमी होते. गुडघ्यांपुढील जागेचा दोष मात्र विमानाला देऊ नये. दोन रांगांमधील अंतर कारखाना नव्हे, विमान कंपनी ठरवते.

जुन्या पिढीतील प्रवाशांच्या आठवणींत ‘व्हायकाउंट’ला मानाचे स्थान आहे. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये हे ब्रिटिश विमान आणले. त्याची चार टर्बोप्रॉप इंजिने इतकी संथ चालत, की समोरच्या मेजावर नाणे कडेवर उभे राहते असे प्रात्यक्षिक विक्रेते करून दाखवीत. डाकोटाच्या धडधडाटानंतर हा अनुभव सुखद वाटला यात नवल नाही. त्याच्या मोठ्या लंबगोल खिडक्यांची सर आजच्या अनेक विमानांना येत नाही.

मग आले जंबो. एअर इंडियाचे पहिले बोईंग ७४७ ‘सम्राट अशोक’ १९७१ मध्ये मुंबईत दाखल झाले. प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून रंगवलेला झरोका आणि वरच्या मजल्यावर बैठकीची खोली, असा त्याचा राजेशाही थाट होता. हेच विमान १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा अंत झाला. तरीही जंबोवरील मराठी माणसाचे प्रेम ओसरले नाही. ‘जंबो’ हा शब्दच भाषेत रुळला. एअर इंडियाच्या ताफ्यातील शेवटच्या जंबोंपैकी एकाने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उडताना पंख हलवून निरोप घेतला, तेव्हा अनेकांना गहिवरून आले. एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगायला हवी : हा थाट प्रामुख्याने वरच्या वर्गासाठी होता. साध्या वर्गातील मधल्या चौकडीत बसलेल्याला ना झरोका, ना आकाश.

लांबच्या प्रवासात खिडकीहून महत्त्वाची ठरते ती हवा. विमान कितीही उंच उडाले तरी आतला दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. नेहमीच्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो, म्हणजे सिमल्याहूनही उंच ठिकाणी तासन्‌तास बसल्यासारखे. बोईंग ७८७ ‘ड्रीमलायनर’ आणि एअरबस ए-३५० मध्ये तो सहा हजार फुटांच्या पातळीवर राखतात. कळसूबाईच्या माथ्याहून थोडे वर, एवढेच. धातूऐवजी कार्बनतंतूंच्या मिश्र पदार्थाचा सांगाडा असल्याने तो अधिक दाब सोसतो आणि गंजत नाही. परिणामी आतील हवा थोडी दमट ठेवता येते. घसा कोरडा पडणे, डोके जड होणे कमी होते. ड्रीमलायनरच्या खिडक्या सुमारे ४७ सेंटिमीटर उंच असून त्यांना झडप नाही. बटण दाबताच काच गडद होते. एअर इंडियाकडे ड्रीमलायनर २०१२ मध्ये आले, तर ए-३५० ने जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत प्रवेश केला.

शांततेच्या बाबतीत मात्र दुमजली एअरबस ए-३८० ला तोड नाही. मुंबईला त्याची ओळख २०१४ मध्ये झाली. अवाढव्य वजनामुळे हवेतील खड्डे त्याला फारसे जाणवत नाहीत. अशा २५१ विमानांनंतर २०२१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, कारण इतकी आसने भरणे कंपन्यांना परवडेना.

आवड आणि सुरक्षितता यांची गल्लत होता कामा नये. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कोसळलेले विमान ड्रीमलायनरच होते. त्यातील २४२ पैकी २४१ जण मृत्युमुखी पडले. आतील हवा, काच आणि आसन यांवरून विमानाच्या सुरक्षिततेविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. ते देखभाल, वैमानिक आणि यंत्रणांचे स्वतंत्र क्षेत्र आहे.

मराठवाड्यातील प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. त्याला सुखाची ठरणारी एटीआर आणि ई-१७५ ही विमाने लहान विमानतळांसाठीच योग्य, आणि नेमक्या त्याच मार्गांवरील सेवा सर्वांत अल्पायुषी ठरतात. उडान योजनेत तासाभराच्या प्रवासाचे भाडे निम्म्या आसनांसाठी अडीच हजार रुपयांच्या आसपास ठरवून दिले होते. फरक सरकारी साहाय्याने भरून निघे. ती मुदत संपल्यावर उरलेला खर्च प्रवासीसंख्येनेच पेलावा लागतो. नांदेडला किंगफिशर गेली, ट्रूजेट गेली. मधल्या काळात सोनपेठच्या माणसाला पुन्हा हैदराबादची वाट धरावी लागली.

तिकीट काढताना कोणते विमान आहे हे आधी पाहता येते. संकेतस्थळावर उड्डाण क्रमांकाजवळच ‘एटी७’, ‘ई७५’, ‘३२०’ किंवा ‘७८८’ असा संकेत दिलेला असतो. एटीआर असेल तर मागील रांगेतील खिडकी मागावी. पंखाखाली इंजिने असलेल्या जेटमध्ये पंखाच्या पुढील रांगा शांत असतात. ज्यांना हिंदकळण्याचा त्रास होतो त्यांनी पंखालगतची जागा घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, दृश्य मात्र निम्मे पंखाआड जाते.