विद्यार्थ्याची वही, कैद्याची वही

ऑक्सफर्डच्या मॅन्सफील्ड रोडवर तुम्ही उभे आहात. १९०१चा ऑक्टोबर सरत आलाय. पाच वाजायच्या आत अंधारून आलंय, हवेला कोळशाच्या धुराचा वास आहे आणि तुमच्या अंगावरचे कपडे या थंडीला अजिबात पुरणारे नाहीत. समोरची दगडी इमारत म्हणजे मँचेस्टर कॉलेज. दिसायला जुनी वाटली, तरी बांधून आठच वर्षं झालीत.

आत शिरा, कोणी अडवणार नाही. डाव्या-उजव्या हाताचा विचार न करता सरळ प्रार्थनामंदिर गाठा. तिथल्या खिडक्यांची काचचित्रं बर्न-जोन्सने रेखलेली, विल्यम मॉरिसच्या कारखान्यात घडवलेली. त्यात सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस आहेत, एकेका दिवसाला एकेक देवदूत, प्रत्येकाच्या हातात एक गोल. पण बाहेर उजेड नसल्यामुळे काचा काळ्याठिक्कर पडल्यात. सकाळी यायला हवं होतं.

मागच्या बाकांकडे बघा. अठ्ठावीस वर्षांचा तो तरुण जमखंडीचा, विठ्ठल रामजी शिंदे. घर वारकऱ्याचं, गाव कानडी मुलखातलं. युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती मंडळींच्या शिष्यवृत्तीवर तो धर्मोपदेशक व्हायला इथे आलाय. एस्टलिन कार्पेंटर हे त्याचे एक प्राध्यापक. बायबलचा चिकित्सक अभ्यास करणारा हा माणूस पाली बौद्ध ग्रंथांचंही संपादन करतो. बाप्तिस्मा घे, असं इथे शिंद्यांना कोणी म्हणत नाही, कारण कोणत्याही पंथाची कबुली न मागणं हाच या कॉलेजचा पाया. १८७१ पर्यंत ऑक्सफर्डच्या विद्यापीठाची दारं अधिकृत चर्चबाहेरच्यांना जवळजवळ बंदच होती. त्या बाहेर राहिलेल्यांनी आपली संस्था आधी मँचेस्टरला काढली, मग यॉर्क, लंडन असं करत शेवटी ती याच गावात आणून वसवली. शिवू न दिलेल्यांचा प्रश्न पुढे ज्याने अंगावर घेतला, त्याने धर्म शिकावा तो बाहेर ठेवलेल्यांनी उभारलेल्या वर्गात, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटतं.

कॉलेजात राहायची सोय नाही, तेव्हा गावातल्या त्याच्या खोलीपर्यंत पाठोपाठ चला. आत गेल्यावर तो वही उघडतो. मागे उभं राहून डोकावायचा मोह आवरा. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी ती छापून येणारच आहे.

रोजनिशीची सवय पुण्यातली. तीन वर्षं मागे, १८९८ सालात डोकावून या: प्लेगचं पुणं, फर्ग्युसन कॉलेजात बी.ए.चं वर्ष, गंगारामभाऊ म्हस्क्यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या मदतीवर चाललेलं शिक्षण. मिल आणि स्पेन्सर वाचून देवावरचा विश्वास डळमळलेला, आणि त्याच वर्षी प्रार्थना समाजाशी जवळीक. इथे फार रेंगाळू नका, प्लेगची साथ खरी आहे.

आता मुंबईतलं परळ. तारीख १८ ऑक्टोबर १९०६. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारी वस्ती आणि आज तिथे एक शाळा उघडतेय. प्रार्थना समाजाचे अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर आलेत. शिंदे आता समाजाचे प्रचारक आहेत. गेल्या वर्षी अहमदनगरजवळ भिंगारला महार मंडळींनी भररात्री भरवलेल्या सभेला ते गेले होते आणि तिथून परतले ते हे काम मनाशी पक्कं करूनच. संस्थेचं नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, लोकांच्या तोंडी मात्र डिप्रेस्ड क्लासेस मिशन.

तुम्ही मुलांमध्ये बसा. पाटी मांडीवर घ्या. शेजारचा पोरगा तुमच्या पाटीवर स्वतःची पेन्सिल चालवून बघेल, चालवू द्या. सरकारी शाळेत त्याच्या जातीच्या मुलाला व्हरांड्यात बसवतात. शिंद्यांची बहीण जनाक्काही या कामात पडणार आहे. उपदेश करणारे पुष्कळ असतात, पण घरच्यांना सोबत घेऊन वस्तीत राहायला जाणारे विरळा. अण्णा, म्हणजे शिंदे, त्या विरळांपैकी.

रात्री इथेही वही उघडेल, या आशेने थांबू नका. त्यांच्या छापल्या गेलेल्या रोजनिशा आहेत त्या विद्यार्थिदशेतल्या आणि कैदेतल्या, म्हणजे दिवसाचं वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती असतानाच्या. मधली राबण्याची वर्षं शोधायची तर मिशनच्या हिशोबांत शिरावं लागतं: १९१२ पर्यंत २३ शाळा, ५५ शिक्षक, अकराशेच्या घरात मुलं, ५ वसतिगृहं. पुण्यात होळकरांच्या देणगीतून उभा राहिलेला अहिल्याश्रम हा त्याच्या पुढचा. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली, तिथेही जाऊन या. टिळकांचं भाषण दणदणीत होईल. त्यानंतर आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही असा जाहीरनामा सह्यांसाठी फिरेल आणि त्यावर टिळकांची सही होणार नाही. १९२०च्या निवडणुकीत शिंदे मराठ्यांची राखीव जागा नाकारून सर्वसाधारण जागेवरून उभे राहतील आणि पडतील. स्वतंत्र मतदारसंघांवरून आंबेडकरांशीही मतभेद होतील. सनातन्यांना ते नकोसे होतेच, हळूहळू ब्राह्मणेतरांना आणि ज्यांच्यासाठी खपले त्यांच्यातल्या नव्या पिढीलाही परके वाटू लागले. त्यांच्या वाट्याला आलेलं हे एकटेपण आपल्या इतिहासाने नीट मांडलेलंच नाही.

शेवटचा मुक्काम येरवड्याचा तुरुंग, १९३०. सविनय कायदेभंगात सहा महिन्यांची सक्तमजुरी. वय सत्तावन्न. त्याच तुरुंगात गांधीजीही आहेत. आणि बघा, जवळजवळ तीस वर्षांनी अण्णांच्या हातात पुन्हा रोजनिशी आहे. दिवसभर काम करून माणूस लिहायला बसलाय.

२ जानेवारी १९४४ ला ते गेले. वह्या छापून आल्या १९७९ साली, गो. मा. पवारांनी संपादित केलेल्या. मला विचाराल तर आधी १८९८ची उघडा, येरवड्याची शेवटी. परळच्या वर्षांसाठी अहवालांचे आकडे आणि अण्णांनी स्वतः लिहिलेल्या ‘माझ्या आठवणी व अनुभव’ची पानं शेजारी ठेवा, म्हणजे वह्या जिथे थांबतात तिथून पुढे वाचता येईल.